‘मजेत’ म्हणायला बंदी

सुखदा मावशी पोरीला, श्रियाला, इंग्लंडला धाडतेय ती एका मुलामुळे, हे आमच्या मराठी मंडळात जूनच्या पॉटलकला, घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, पक्कं झालं. बटाटेवड्यांच्या ट्रेपाशी नीता काकूंनी ते जाहीर केलं. त्यांचा आवाज काढायचा तर नाकात थोडी हवा कोंडायची आणि जमेल तिथे ‘गं’ टाकायचा. “अगं, वर्षाच्या मधेच शाळा कोण सोडतं गं? रग्बी खेळतो म्हणे गं तो. दाराएवढा आहे! म्हणून बोर्डिंगात टाकतेय गं सुखदा.”

असा कुणी मुलगा नव्हता. श्रियाला रग्बीचा चेंडू उभा धरतात की आडवा, हेही माहीत नाही. आणि आमचं इकडचं, दक्षिण गोलार्धातलं शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, इंग्लंडचं सप्टेंबरात, म्हणून ते ‘मधेच’. राहिलं धाडणं. श्रियाने जाऊ नये असं त्या घरात एकाच माणसाला वाटत होतं आणि ते माणूस म्हणजे सुखदा मावशी.

जायचं होतं श्रियाला. शेवटची दोन वर्षं तिला लॅटिन आणि ग्रीक शिकायचं होतं आणि आमच्या शाळेत ते नाही. सुशांत काका, म्हणजे तिचे बाबा, म्हणायचे, “मेलेल्या भाषा शिकायला बारा हजार मैल जाणार, आणि जिवंत मराठीत ‘पाणी दे’ म्हणत नाही.” पण त्यांचा विरोध एवढ्यावरच संपायचा. मावशीचा मात्र सुरू व्हायचा.

आम्ही फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात शेजारी राहतो, आमची दोन्ही गॅरेजं एकमेकांकडे बघतात. मावशी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं कुठे मोडतं ते शोधण्याचा तिला पगार मिळतो आणि ती घरी आली तरी शोधायचं थांबत नाही. तिच्या घरात एक विचित्र नियमही आहे. ‘मजेत’ म्हणायचं नाही. मी दारातून “कशी आहेस मावशी? मी स्वीट ॲज, एकदम मजेत!” म्हणत शिरले की ती म्हणायची, “ते नको. नीट सांग.” मग मला सांगावं लागायचं की गणितात मार खाल्लाय आणि दाढ ठणकतेय. मग ती म्हणायची, “हां. आता बस.”

श्रियाशी तिचा करार झाला होता. मला मोडता येणार नाही अशी शाळा सापडली, तर तू जा. मग मार्चपासून आमच्या रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे तिकडे सकाळी, व्हिडिओ कॉल सुरू झाले. तिकडे मुलींच्या वसतिगृहाची एक मुख्य बाई असते, मावशी तिच्याशीच बोलायची. मला शेजारी बसवायची ती माझ्या कानासाठी. कॉल संपला की म्हणायची, “स्वानंदी, परत म्हण.” मी त्या बाईचं उत्तर तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. मावशी डोळे मिटून ऐकायची. तिच्या धंद्यात चूक परत घडवून दाखवता आली तरच ती चूक.

ती प्रश्न एकच विचारायची. “तुमच्याकडून मधेच निघून गेलेल्या एखाद्या मुलीबद्दल सांगा.”

पहिली शाळा किल्ल्यात होती, खराखुरा बुरूज असलेली. तिथल्या बाई हसल्या. “ओऽऽह, नोबडी एव्हर लीव्ह्ज अस!” हे मी इतकं हुबेहूब केलं की सुशांत काका आतून बाहेर आले. मावशी म्हणाली, “परत. ‘एव्हर’ परत.” मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मलाच ऐकू आलं की त्या शब्दाला आवाज वर चढतो आणि उतरायला जागा शोधतो. किल्ला बाद.

दुसऱ्या बाईंनी सांगितलं, मुली इथे फार आनंदात असतात, आम्ही एक मोठं कुटुंबच आहोत. कॉल संपल्यावर मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “राहू दे, गरज नाही.”

तेव्हा श्रिया जिन्यावरून खाली आली. ती ओरडत नाही. तिचा आवाज उलट बारीक होतो, दोऱ्यासारखा. “यू वॉन्ट देम टु फेल, आई. सगळ्या.”

मला वाटलं आता मावशी ‘तसं नाही गं बाळा’ म्हणेल. तो सूर माझ्या तोंडात तयारही होता.

“हो,” मावशी म्हणाली.

मग तिने टेबलावरचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं आणि सांगितलं. ती दहा वर्षांची असताना तिला घाटावरच्या एका होस्टेलमध्ये ठेवलं होतं. रविवारी घरून फोन यायचा तो रेक्टरबाईंच्या ऑफिसात. मुली रांगेत उभ्या आणि बाई फोनशेजारी खुर्चीवर. प्रत्येक मुलगी एकच वाक्य बोलायची, “मी मजेत आहे.” मावशीला ताप होता, एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. तिनेही तेच म्हटलं. पलीकडून तिची आई म्हणाली, “वा! किती छान बोलतेस!”

मला तेव्हा कळलं की ती मला कायम उजव्या बाजूला का बसवते.

“डिड यू टेल आजी?” श्रियाने विचारलं.

“अजून नाही.”

“आय’ड टेल यू.”

“रांगेत उभं राहायच्या आधी मीही असंच म्हणत होते.”

श्रिया वर निघून गेली. त्या रात्री मी कुणाचीच नक्कल केली नाही.

तिसरी शाळा मे महिन्यात आली. तिला किल्ला नव्हता. बाईंना सर्दी झाली होती आणि मागे कुत्रा भुंकत होता. मावशीने प्रश्न विचारला. बाई नाक पुसून म्हणाल्या, एक मुलगी गेली, दोन वर्षांपूर्वी. रोज संध्याकाळी मी तिला विचारायचे, बरी आहेस ना? ती हो म्हणायची आणि मी पुढच्या दाराशी जायचे. ती जेवत नव्हती. मला ते कळलं नाही, तिच्या आईला कळलं, स्क्रीनवर, इतक्या लांबून.

“मग आता काय करता?” मावशीने विचारलं.

“आता दारातून विचारत नाही,” बाई म्हणाल्या. “जेवताना शेजारी जाऊन बसते. तरी सगळं कळतं असं नाही.”

कॉल संपला. “परत म्हण,” मावशी म्हणाली. मी म्हटलं, सर्दीसकट. “परत.” मी परत म्हटलं. त्या बोलण्यात वर चढणारं, घसरणारं काही सापडेना. मी मनातून शोधत होते, खोटं कशाला बोलू. श्रिया गेली तर मी शेजारी कुणाकडे जाणार होते?

मावशीने लॅपटॉप मिटला. मग वर हाक मारली, “श्रिया, ही मोडत नाहीये.” अपघात झाल्याची बातमी द्यावी तशी हाक होती ती.

ऑगस्टमध्ये बॅगा भरताना मावशीने मला म्हटलं, “मी एअरपोर्टवर रडणार नाही.”

“तू? पैज!”

“लाव. रडले तर गणपतीत स्टेजवर नीताची नक्कल कर, मी कमिटीला सांभाळते. नाही रडले तर मी सांगेन त्याची करायची, सांगेन तेव्हा.”

मी घरी जाऊन आरशासमोर ‘गं’ची तालीम सुरू केली.

एअरपोर्टवर सुशांत काका रडले. मी रडले, अगदी नाक गळेपर्यंत. श्रिया आत जाताना दोनदा वळली. त्याआधी मावशीने तिची कॉलर सरळ केली होती आणि एवढंच म्हटलं होतं, “बरं नसेल तर बरं नाही म्हणायचं. मी दचकणार नाही.” तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. काकाही श्रियाबरोबर आत गेले, पोचवून परत यायचे होते. गाडी मावशीने चालवली. मी तिच्या डावीकडच्या सीटवर. त्या बाजूचाच तिचा कान अधू, पण गाडीत इलाज नसतो.

मोटरवेला लागल्यावर ती म्हणाली, “पैज हरलीस.”

“हरले.”

“मग कर. मोठ्याने.”

“कुणाची?”

“शाळेतून घरी येते ती. दार उघडल्यावर.”

मी घसा साफ केला. मला हे डोळे मिटून येतं. “हाय आई, आय’म होम. काय आहे खायला?”

“चूक,” समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता मावशी म्हणाली. “आधी बॅग टाकते. मग थोडी थांबते, मी घरात आहे का ते बघते. मग ‘आई’. परत म्हण.”

मी पायाशी असलेली माझी बॅग उचलली आणि टाकली. थांबले. मग म्हटलं.

फ्लॅट बुशचा फाटा आला आणि मागे गेला. मावशी वळली नाही.

“परत,” ती म्हणाली.