अमिनाबीची उजळणारी मासळी

नवरा वारल्यापासून अमिनाबी धुळ्याच्या बाजारात सुरतेहून बर्फात आलेली समुद्राची मासळी विकायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या घरी वीज गेली आणि पातेल्यातली मासळी निळसर उजळली. "या मासळीमा भूत शे," एवढं गावाला पुरलं. तिच्याकडे कोणी फिरकेना.

कॉलेजातले तायडे सर बाजारात येऊन समजावू लागले. हे समुद्रातले जिवाणू. एकटा उजळत नाही. प्रत्येक जण एक रसायन सोडतो, गर्दीत ते साचलं की सगळे एकदम उजळतात. भूतबित काही नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि पांगले.

अमिनाबीने सरांसाठी चांगलं पापलेट निवडून ठेवलं होतं. सरांनी शेजारून तापीचा मासा घेतला.

"घरी ऐकत नाहीत, चाची."