नाकतोड्याचा मागचा पाय

आमच्या कॅमेरा क्लबचे अध्यक्ष अंबरनाथच्या एका कारखान्यातून, तपासणी खात्यातून, निवृत्त झाले होते. येताना त्यांनी भिंग तेवढं बरोबर आणलं. ज्या भिंगाने स्क्रूचे आटे तपासले, त्याच भिंगाने ते गणपतीतल्या प्रदर्शनासाठी आलेले फोटो तपासत आणि त्याच आवाजात म्हणत, "रिजेक्ट."

मी किड्यांचे फोटो काढायचो. क्लबात आल्यापासून माझा एकही फोटो भिंतीवर लागला नव्हता. बायको दरवर्षी बदलापूरहून चांगली साडी नेसून प्रदर्शनाला यायची आणि इतरांचे सूर्यास्त बघून परतायची.

"डोळा उत्तम आलाय," एका वर्षी माझ्या नाकतोड्याचा फोटो बघून अध्यक्ष म्हणाले होते, "पण मागचा पाय कुठाय?"

"तिथेच आहे, सर. अस्पष्ट आहे."

"म्हणजे माल अपुरा."

दोष त्यांच्या भिंगाचा नव्हता. उल्हासनगरच्या दुकानदाराने मला लेन्सच्या मागे बसवायच्या रिंगा दिल्या होत्या. "साईं, मच्छर भी हाथी दिखेगा." दिसला, पण सोंड स्पष्ट आली की शेपूट धुक्यात. इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा नखाएवढाही जाड राहत नाही. लेन्सचं छिद्र बारीक केलं की तो जरा रुंदावतो, पण उजेड कमी होतो. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्यात वारा सुटतो किंवा नाकतोड्याला काहीतरी काम आठवतं.

पुढच्या वर्षी सोनिवलीच्या शेतांच्या बांधावर बायको वाऱ्याला आडवी छत्री धरून बसली आणि मी गवतात पालथा पडलो. बांधावरून जाणारे एक आजोबा थांबले.

"काय हरवलंय का, ताई?"

"नाही हो, सापडलंय. पण ते हलतंय."

"मग ह्यांना उठवा की. त्यांच्या श्वासानंच हलतंय."

नाकतोडा आम्ही डब्यात घालून घरी आणला. थंडीत किडे सुस्तावतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. डबा फ्रिजमध्ये ठेवला. बायकोने विचारलं, "अहो, श्रीखंडाशेजारी?" मी म्हटलं, थोडा वेळच.

बाहेर काढला तेव्हा तो एखाद्या सरकारी कचेरीत बसल्यासारखा निश्चल होता. कढीपत्त्याच्या डहाळीवर बसवला आणि कुंडी फिरवत त्याला कॅमेऱ्यासमोर अगदी आडवा आणला. आता मिशा, डोळा आणि मागचा पाय लेन्सपासून सारख्याच अंतरावर होते. छिद्र बारीक केलं, श्वास रोखला. दमट हवेने त्याच्या थंडगार अंगावर बारीक थेंब जमले. शटर मिटलं, आणि साहेब जागे होऊन थेट जेवणासाठी बाहेर काढलेल्या श्रीखंडाच्या पातेल्यावर उतरले.

अध्यक्षांनी त्या फोटोवरून भिंग दोनदा फिरवलं. "पास."

उद्घाटनाच्या भाषणात ते माझ्या फोटोसमोर थांबले. "हे दव बघा! यासाठी माणसाला पहाटे शेतात जावं लागतं. ही तपश्चर्या आहे." टाळ्या झाल्या. बायकोला टाळ्या आवडल्या. तपश्चर्या मात्र तिला सोसवली नाही.

"पहाट कुठली हो," ती पुढच्या रांगेतून म्हणाली, "फ्रिजमधून काढल्यावर घामेजला तो. दुपारचं जेवण व्हायचं होतं आमचं."

सभागृहात हसू फुटलं. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिलो. आता फोटो उतरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, अगदी मिशीपासून मागच्या पायापर्यंत.

अध्यक्षांनी भिंग खिशात टाकलं आणि भाषण सूर्यास्तांकडे वळवलं. फोटो जागेवरच राहिला. चहाच्या वेळी ते कप सांभाळत आमच्यापाशी आले. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्यांनी बायकोला विचारलं,

"वहिनी, कुठल्या कप्प्यात?"

"वरच्या," ती म्हणाली. "पण आधी श्रीखंड हलवा."