केसभर मागे पडणारा डावा हात

नॉर्थ शेड या बँडची ओळख करून देताना लोक कीथपासून सुरुवात करतात. गिटार त्याची, गाणी त्याची, रॉकच्या गाण्याखाली नाचाचा ठेका घालायची कल्पनाही त्याचीच. मँचेस्टरजवळच्या आम्हा ओल्डहॅमकरांना मात्र त्या ठेक्याची मालकीण ठाऊक होती. लोरेन हिंडल. दिवसा ती बाजारातल्या बेकरीत काउंटरवर उभी असायची आणि संध्याकाळी बंद पडलेल्या सूतगिरणीच्या वरच्या मजल्यावर, कोट न काढता, ड्रम वाजवायची.

तिचे वडील पितळी वाद्यांच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवत. व्हिट शुक्रवारच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या सणाच्या मिरवणुकीत चढ लागला की त्यांना दम लागायचा. शेजारी छोटा ड्रम घेऊन चालणारी लोरेन मग त्यांच्यासाठी डाव्या हाताचा ठोका केसभर मागे ठेवायची. वडील गेले, सवय राहिली. तेवढ्या उशिरानेच नॉर्थ शेडच्या गाण्यांवर लोकांचे खांदे आपसूक डुलायला लागत.

एका रविवारी कीथ काळ्या पेटीतून आवाज साठवायचं यंत्र घेऊन आला.

"कुणाची शवपेटी उचलून आणलीस रे?" लोरेन म्हणाली.

"तुझे ठेके भरून ठेवायचेत यात. उद्या तुला ताप आला तर कार्यक्रम बुडायला नको."

"हिंडलांना ताप येत नाही."

"मग पाय मोडेल. वाजव ना, बाई! आणि डावा हात आहे तसाच राहू दे हं. तोच हवाय."

शाळेपासूनच्या ओळखीत त्या हाताबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. लोरेनने दुपारभर जीव ओतून वाजवलं.

फेब्रुवारीत ती बेकरीच्या पायरीवर बर्फावरून घसरली. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. "यंत्र लावा, कार्यक्रम रद्द करू नका," असं तिनेच सांगितलं. मँचेस्टरच्या त्या हॉलमध्ये ती गर्दीत उभी राहिली. पेटीतून तिचा ठेका आला आणि समोरचे सगळे खांदे डुलू लागले. "ते वाजवणारी मीच आहे!" ती शेजारच्या मुलीच्या कानात ओरडली. मुलीला ऐकू आलं नाही. ती हसून नाचत राहिली.

प्लास्टर निघालं. ड्रम तळाशी ठेवावे लागतात, म्हणून कार्यक्रमाला निघताना बँडची व्हॅन नेहमी आधी लोरेनच्या दारात यायची. त्या शनिवारी तिने ड्रम घोंगड्यांत गुंडाळून फुटपाथवर मांडून ठेवले. व्हॅन आली ती खूप उशिरा, आणि रंगमंचाच्या दिव्यांच्या खोक्यांनी गच्च भरलेली. कीथने इंजिन चालूच ठेवून काच खाली केली.

"हात पूर्ण बरा होऊ दे, लोरेन."

"झालाय बरा. हा बघ."

"तसं नाही गं. यंत्राची आता सवय झालीये. आणि दिवेही न्यायचेत."

"यंत्रात कोण आहे, कीथ?"

"उगाच तमाशा करू नकोस रस्त्यात," म्हणत त्याने काच वर केली. मागे बसलेले बँडमधले दोघे आपापले बूट न्याहाळत राहिले.

समोरच्या मिसेस ऑग्डन दारातून सगळं पाहत होत्या. "परत येणारेत का गं ते, पोरी? नाहीतर मी चहा टाकते."

"टाका," लोरेन म्हणाली.

उन्हाळ्यात कीथ बेकरीत आला. तोवर त्यांची गाणी बेकरीच्या रेडिओवरही लागत होती.

"नव्या गाण्याला ठेका हवाय. एक रविवार दे ना. तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही."

"आणि व्हॅनमध्ये?"

"व्हॅनमध्ये जागा कुठेय?"

लोरेनने त्याचा पाव कागदात गुंडाळला. "येते," म्हणाली.

रविवारी गिरणीत ती कोट काढून ड्रमपाशी बसली. सरळ, स्वच्छ, घड्याळासारखं वाजवू लागली. दोन्ही हात जिथल्या तिथे पडत होते. कीथने कानावरचे हेडफोन काढले.

"अगं, हे तुझं वाटत नाही. डावा हात जरा मागे ठेव ना."

"कुणासाठी?" लोरेनने विचारलं, आणि तसंच वाजवत राहिली. यंत्र ते सगळं भरून घेत होतं.