लाल म्हणजे उजवे

नोव्हेंबरातला दुसरा रविवार. हातातलं काम: मराठी मंडळाच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडणं, प्रोजेक्टर जोडणं, अमेरिकेचा नकाशा पडद्यावर तिरका येत नाही ना ते बघणं.

चाळीस खुर्च्या झाल्या होत्या. दर रविवारी इथे बोलणारे डॉक्टर आत आले. मागोमाग त्यांची सून मृणाल. केस सेट केलेले, कॉलरला माइक आधीच लावलेला. तो माइक माझा होता. नोव्हेंबरपासून तुम्हीच बोला, असं डॉक्टरांनी मला जुलैत चार लोकांसमोर सांगितलं होतं. त्यासाठी मी नवीन जॅकेट घेतलं होतं. अंगात तेच होतं.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, आज मृणालच बोलेल. मनाला लावून घेऊ नका हं. तुमचं नॉलेज आहेच. पण आवाज जरा, कसं सांगू, गावाकडचा वाटतो. आणि लाइव्ह बघणारे बरेचसे पुण्याचे."

मृणाल म्हणाली, "मावशी, नोट्स सुपर आहेत. मी गाडीत सगळ्या चाळल्या."

मी म्हटलं, "बरं." आणि एक्केचाळिसावी खुर्ची उघडली.

ते "बरं" अजून टोचतं.

मी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी आहे. एकवीस वर्षं झाली. डॉक्टर लोक पेशंटबद्दल मशीनमध्ये बोलतात, मी हेडफोन लावून ते टाइप करते. पायाखाली पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. या कामाचा एकच नियम. जे ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही. अंदाजाने औषधाचं नाव टाकलं तर माणूस जिवाला मुकतो. तिथे रिकामी जागा सोडायची, मिनिट आणि सेकंद लिहायचे, आणि बोलणाऱ्याला विचारायचं.

हीच पद्धत मी अमेरिकेला लावली.

आमचे डॉक्टर रिटायर्ड सर्जन. वय एकाहत्तर. मंडळाच्या चॅनलवर दर रविवारी अमेरिकेच्या राजकारणावर उजव्या बाजूने मराठीत बोलायचं, हा त्यांचा कार्यक्रम. हॉलमध्ये पन्नाससाठ माणसं, बाकीची ऑनलाइन. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं, "टायपिंगमध्ये थोडी मदत कराल का?" मी हो म्हटलं. थोडी मदत म्हणजे आठवड्याला सहा पानं. बसमध्ये जाता-येता मी तिकडचे रेडिओ शो ऐकायची, भाषणं ऐकायची. शनिवारी पेडल घेऊन बसायची. कोण काय म्हणालं, कितव्या मिनिटाला म्हणालं, समोरच्याने काय उत्तर दिलं, सगळं. मग त्याचं मराठी. डॉक्टर ती पानं समोर ठेवून बोलायचे. लोक म्हणायचे, काय अभ्यास आहे डॉक्टरांचा.

मला ते ऐकण्याची गोडी लागली होती. तिकडच्या उजव्यांचं मला बरंच पटतं. देशात शिरायचं तर दारातून शिरावं. आम्ही फॉर्म भरले, रांगेत उभे राहिलो, दोनदा नकार घेतला आणि तिसऱ्यांदा आलो. शाळेत मुलाला काय शिकवतात हे आईबापाला कळलं पाहिजे. सरकारने माणसाला फार दिवस बोट धरून चालवू नये. हे मी कुणाची मर्जी राखायला म्हणत नाही. माझ्या आयुष्यातून मी तिथे पोचले.

पण खरी गोडी फोनवाल्यांची. रेडिओवर कुणीही फोन करतो. प्लंबर, ट्रकवाला, कोंबड्या पाळणारी म्हातारी. निवेदक एवढंच विचारतो, कुठून बोलताय? गावाचं नाव सांगितलं की झालं. मग तो माणूस तीन मिनिटं देशाला शहाणपण शिकवतो, आणि देश ऐकतो. त्याचा हेल कसा आहे, बाप काय करायचा, कुणी विचारत नाही. निदान फोनवर तरी नाही. मला त्या प्लंबरचा हेवा वाटायचा. बसच्या वरच्या मजल्यावर बसून मी कधी न पाहिलेल्या गावच्या प्लंबरवर जळायची.

मृणालवरचं जळणं वेगळं. ते जवळून होतं, त्यामुळे भाजायचं. ती बत्तीस वर्षांची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिने तोंड उघडलं की माणसं पुढे सरकून बसायची. ती अजून काही बोललेली नसायची, तरी. तिच्यासाठी कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून ठेवायचं. दोन वर्षांत माझ्यासमोर कुणी ग्लास ठेवला नाही. ती विचारायची, "मावशी, टॅरिफ नेमकं कोण भरतं हो? चीन ना?" मी समजावून सांगायची, माल मागवणारा भरतो, मग गिऱ्हाईक भरतं. ती तेच डॉक्टरांना जेवताना सांगायची आणि रविवारी डॉक्टर हॉलमध्ये म्हणायचे, आमच्या सुनेने परवा फार मार्मिक मुद्दा काढला.

आणि ते मावशी. मंडळातल्या सगळ्या बायका तिच्या काकू. अकाउंटंटची बायको काकू, डेंटिस्टची आई काकू. मी एकटी मावशी. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या बायकोने आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. वाशीमकडचं, म्हटलं. मग तिने बरं बरं म्हटलं आणि तेव्हापासून सगळं घर मला मावशी म्हणायला लागलं. पुण्या-मुंबईत भांडी घासायला येते ती मावशी. हॉस्पिटलात बेडपॅन उचलते ती मावशी. माझी आई भांडी घासायची. त्या कामाची मला लाज नाही. पण ते काम मी तुमच्याकडे करत नव्हते.

हे सगळं मला दोन वर्षं कळत होतं. कळूनही मी सहा पानं देत होते. कारण मला तो माइक हवा होता. हे कबूल करायला हवं. बोलायला मिळेल या आशेवर माणूस किती दिवस दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालतो, ते मी करून पाहिलंय.

त्या रविवारी विषय दोन होते. आधी डॉक्टरांची प्रस्तावना, त्यांच्या आवडीची: मेरिट. अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशात वंश बघायचा की नाही यावर मोठा वाद झाला आणि कोर्टाने नाही म्हटलं, त्यावर. पानं माझीच. मी दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. त्यांनी एकच वाचली. वर स्वतःचं जोडलं, "अमेरिकेला शेवटी कळलं. आपल्या देशात मात्र अजून कोटा म्हणजे कोटा." टाळ्या पडल्या. माझे वडील राखीव जागेवर पोस्टमन झाले. तीस वर्षांत त्यांनी एक पत्र हरवलं नाही. हे मी पानात लिहिलं नव्हतं. पानात स्वतःचं काही लिहायचं नाही, ही माझी शिस्त.

मग मृणाल उठली. विषय: एका राज्यातली गव्हर्नरची निवडणूक. पडद्यावर त्या राज्याचा नकाशा. वरचा भाग बहुतेक लाल, शहरांपाशी निळे ठिपके.

इथे एक गोष्ट सांगते. इंग्लंडात निळे म्हणजे उजवे आणि लाल म्हणजे लेबर, डावे. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथे लाल म्हणजे उजवे. इथे वीस वर्षं मतदान केलेल्या माणसाची नजर चुकते. माझीही पहिल्या महिन्यात चुकली होती. म्हणून मी दुसऱ्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, अधोरेखित करून लिहिलं होतं: लाल म्हणजे उजवे. निळे म्हणजे डावे. इथल्या उलट.

मृणालने नकाशाकडे हात केला आणि म्हणाली, "हा एवढा लाल भाग बघून खरं तर धक्का बसतो. इतक्या गावांनी डाव्यांना मत दिलं."

मला पहिल्याच वाक्याला कळलं. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते. चार पावलं टाकली असती, कानात सांगितलं असतं, तर निभावलं असतं. मी जागची हलले नाही. इतकंच नव्हे, मला आनंद झाला. कित्येक महिन्यांत झाला नव्हता एवढा. बोल, म्हटलं मनात. बोल बाई. ती बोलत राहिली. आपल्याच लोकांनी जिंकलेल्या गावांसाठी ती हळहळली. शेतकऱ्यांची डाव्यांनी कशी दिशाभूल केली त्याची कारणं दिली, तीन. हॉलमधली माणसं माना डोलवत होती. एकालाही शंका आली नाही. बारा मिनिटं.

मग लॅपटॉप सांभाळणारा म्हणाला, "डॉक्टर, न्यू जर्सीहून कमेंट येतायत. रंग उलटे आहेत म्हणतायत."

मृणाल थांबली. तिचा चेहरा उतरला. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हसत उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट माझ्याकडे हात केला.

"अहो, आमच्या टायपिंगच्या मावशी! रंग उलटे टाइप झाले वाटतं. असू दे, असू दे. मेरिटवर आत्ताच बोललो, प्रात्यक्षिकही लगेच झालं!"

हॉल हसला. वाईट हसला असंही नाही. घरातल्यासारखा हसला. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मावशी, चहात तरी मीठ घालू नका!" पुन्हा हसू.

मी मृणालकडे बघत होते. तिला ठाऊक होतं. पानं तिच्या हातात होती. ती पानांकडेच बघत होती.

त्या क्षणी मला ते दिसलं. दोन वर्षं कानांनी ऐकलेलं डोळ्यांना दिसलं. या हॉलमध्ये राखीव जागा एकच आहे आणि तिच्यावर सून बसली आहे. परीक्षा नाही, मुलाखत नाही. बारा मिनिटं चुकली तरी जागा पक्की. आणि मेरिटवरचं भाषण माझ्याकडून लिहून घेतलेलं.

मी म्हटलं, "मृणाल, दुसरं पान. वरून तिसरी ओळ. वाच."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, नंतर बघू. तेवढं चहाचं बघा ना."

"वाच."

तिने वाचलं नाही. मी पुढे गेले. तिच्या हातातून पान घेतलं, कॉलरच्या माइकशी वाकले आणि वाचलं. माझ्या गावाकडच्या आवाजात. लाल म्हणजे उजवे. निळे म्हणजे डावे. इथल्या उलट. मग म्हटलं, "ही ओळ मी लिहिली. ही सहा पानं मी लिहिली. दोन वर्षं डॉक्टर जे बोलले ते मी लिहिलं. चूक पहिल्या मिनिटाला मला दिसली होती, मी मुद्दाम गप्प बसले. तेवढी चूक माझी. बाकीची यांची."

कुणी हसलं नाही. टाळ्या तर नाहीतच. डॉक्टरांची बायको म्हणाली, "अगं, एवढं काय झालं त्यात?" लॅपटॉपवाल्याने आवाज बंद केला. मी प्रोजेक्टरची वायर काढून गुंडाळली, कारण वायर माझी होती. बस पकडली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज मऊ. "थोडा गैरसमज झाला. लोकांसमोर माणूस गडबडतो. असो. पुढच्या रविवारची पानं शुक्रवारपर्यंत येतील ना?"

मला वाटलं होतं माफी मागतील, नाहीतर ओरडतील. या माणसाला पानं हवी होती.

"नाही येणार."

"मावशी, असं तोडून बोलू नका."

"तुम्ही एकाहत्तरचे, मी एकावन्नची. मी तुमची मावशी कशी?"

ते मग म्हणाले, "बरं. मग काय करणार आहात?"

"बोलणार आहे."

"तुमचं भलं व्हावं म्हणून सांगतो. त्या आवाजाला लोक येणार नाहीत."

"ते लोकांना ठरवू द्या. मेरिट आहे ना."

फोन ठेवला. माझ्या नवऱ्याने विचारलं, "भांडण झालं का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बरं झालं," आणि भात लावला.

लोकांना वाटेल एवढं बोलल्यावर मन हलकं झालं असेल. अजिबात झालं नाही. मृणालचा हेवा त्या रात्रीही तसाच होता. तिचं ते खुर्चीतलं बसणं, तो पाण्याचा ग्लास, सगळं अजून हवं आहे मला. ज्याला हक्काचं मिळत नाही त्याने हेवा करू नये, असं ज्यांना हक्काबाहेरचं मिळालंय तेच सांगतात. मी तो टाकणार नाही. त्याच्याच जोरावर पुढे चालणार आहे.

सोमवारी सकाळी कामावर तासभर उशिरा येते असं कळवलं आणि दोन स्टॉप आधी उतरले. तिथे चर्चचा हॉल भाड्याने मिळतो. ऑफिसातल्या बाईने फॉर्म पुढे केला. कार्यक्रम कसला? अमेरिकेचं राजकारण, उजव्या बाजूने, मराठीत, असं मी सांगितलं. तिने भुवई वर केली आणि लिहून घेतलं. वक्ता कोण? मी माझं नाव सांगितलं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून. तिने विचारलं, दर रविवारी किती वाजता?

"तीन."

ती म्हणाली, पाच वाजता हॉल जास्त शांत असतो, शेजारी मुलांचा क्लास नसतो.

मंडळाचा कार्यक्रमही तीनलाच असतो. मी म्हटलं, "नाही. तीनच लिहा." आणि सही केली.