डाव्या हातातला मासा

ह्यांच्या उजव्या हाताची चार बोटं कंपनीतल्या प्रेस मशीनखाली गेली तेव्हा मला पाचवा महिना होता. अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यातून घरी आले आणि खिडकीपाशी स्टुलावर बसले ते बसलेच. संत तुकाराम नगरातली आमची खोली ती केवढी, त्यात एक पलंग, एक स्टोव्ह आणि ह्यांची ती माशांची पेटी. लोखंडी अँगलची फ्रेम, चारी बाजूंनी काच, सांध्यात पुट्टी. जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझरचा डोळा चुकवून, ह्यांनीच वेल्डिंग मारून केलेली. दोन्ही हात धड असताना केलेली ती शेवटची वस्तू.

पेटीत दोन सोनेरी मासे होते. दवाखान्याच्या धावपळीत त्यातला एक मेला आणि चार दिवस तसाच तरंगत राहिला. कोण बघणार? मी वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर बसलेली. त्या घाणीतच दुसऱ्याला दुखणं लागलं असणार.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. नळावर माझी पाळी कुणी घेतली तर मी बादलीसकट तिला मागे ढकलायची. आणि घरात हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसलेला. मी दहा वाक्यं बोलले की ह्यांचं एक 'हं'. मासा वर आला की मात्र, "काय रे, भूक लागली का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा मी म्हणाले, "अहो, पोटातल्याशी बोला जरा. तो निदान लाथ मारून उत्तर तरी देईल." हे हसले नाहीत. वळून बघितलंसुद्धा नाही.

मग एका सकाळी हे आपणहून म्हणाले, "अगं, इकडे ये. ह्याच्या शेपटीला कापूस लागल्यासारखं दिसतंय."

किती दिवसांनी पुरतं वाक्य ऐकलं मी. मासा बुडाशी टेकून होता, शेपटीची कड झिजलेली आणि तिच्यावर पांढरे तंतू. मी पदर खोचला आणि ह्यांना घेऊन पिंपरीच्या बाजारात गेले. तिथे पिंजऱ्यातले पक्षी आणि मासे विकणारे एक चाचा बसायचे. त्यांनी आधी ह्यांच्या हाताच्या पट्टीकडे बघितलं, मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भाऊ, पाण्यात खडेमीठ टाका. जखमेला लाल दवा लावा, माणसाला लावता तीच. आणि पाणी साफ पाहिजे. रोज थोडं थोडं बदलायचं, एकदम नाही."

त्यातलं 'साफ' तेवढं माझ्या डोक्यात राहिलं. थोडं थोडं करणं माझ्या स्वभावातच नव्हतं.

पेटीतल्या पाण्यात खडेमीठ टाकलं. लाल औषधाची बाटली घरात होतीच, ह्यांच्या जखमेसाठी दिलेली. आता एकाच बाटलीवर दोन आजारी. सकाळी मी ह्यांच्या थोटक्या बोटांना औषध लावायची. मग हे डाव्या तळहातावर ओलं फडकं पसरायचे, हात पेटीत घालून माशाला त्याच्यावर घ्यायचे, पाण्याच्या वर आणून धरायचे. मी कापसाच्या बोळ्याने शेपटीला औषध टेकवायची. की लगेच परत पाण्यात.

पहिले काही दिवस मासा हातात येईचना. ह्यांचा डावा हात म्हणजे निव्वळ ठोंब्या, चहाचा कप धरला तरी अर्धा बशीत. पण हे हट्टाला पेटले. "जोरात धरला तर मरेल आणि सैल धरला तर निसटेल," मला सांगायचे, जसं काही मी शिकाऊ कामगार. हळूहळू हात स्थिरावला. मासा त्या तळहातावर गप पडून राहायला लागला. शेपटीचा कापूसही कमी झाला. एक दिवस हे शर्टाची बटणं स्वतः लावून बसलेले दिसले. मी स्टोव्हकडे तोंड करून रडून घेतलं, ह्यांना दिसू दिलं नाही.

तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. सोमवारी ये, डाव्या हाताने गेज धरता येतं का बघू. जमलं तर तपासणीच्या टेबलावर बसवू. गेज म्हणजे माप बघायचं हत्यार. तयार झालेला पार्ट त्यात घालून बरोबर आहे की नाही ते बघायचं, बसून करायचं काम. नाही जमलं तर घरी. आणि मला सातवा लागलेला.

"मासा धरता येतो मला," हे म्हणाले. "गेज काय, तो तर हलतपण नाही."

शनिवारी सकाळी औषध लावताना माशाने अचानक उसळी मारली आणि तो फरशीवर पडला. ह्यांनी पटकन उचलून पाण्यात सोडला. तो पोहायला लागला, दाणेही खाल्ले. मी म्हणाले, "काही झालं नाही त्याला." पण हे दिवसभर आपल्या हाताकडे बघत होते.

शेजारचे भाऊजी ह्यांच्याच कंपनीत, प्लेटिंगला, म्हणजे पार्टांवर मुलामा चढवतात तिथे. तिथे मशीनने क्षार काढून टाकलेलं पाणी लागायचं, बॅटरीत घालतात तसलं. त्या पाण्याचं कौतुक मी लग्नापासून ऐकत आले होते. "सुकलं तरी डाग राहत नाही. इतकं शुद्ध पाणी पुण्यात कुणाच्या घरात नसेल," हे म्हणायचे. आमच्या नळाला तर त्या आठवड्यात गढूळ पाणी येत होतं. मी भाऊजींना एक कॅन मागितला. मासा म्हटलं असतं तर ते हसले असते, म्हणून मी म्हणाले, "ह्यांची जखम धुवायला हवंय." त्यांनी बिचाऱ्यांनी शनिवारच्या शिफ्टनंतर आणून दिला.

रविवारी हे केस कापायला गेले, सोमवारची तयारी. मी म्हटलं, येईपर्यंत पेटी आरशासारखी करून ठेवते. जुनं पाणी सगळं उपसलं, मासा पातेल्यात ठेवला, काचा घासल्या, कॅन रिकामा केला आणि मासा सोडला. पाणी असं दिसत होतं की जणू पेटीत पाणीच नाही. मला इतका आनंद झाला होता.

मासा आधी वेड्यासारखा काचेवर आपटायला लागला. मग कलला. न्हाव्याकडे गर्दी होती, ह्यांना यायला दुपार झाली. तोपर्यंत तो आडवा तरंगत होता, अंग फुगलेलं, खवले उभे.

हे पेटीपाशी वाकले. मानेवर नुकते कापलेले केस चिकटले होते. म्हणाले, "काल पडला तेव्हाच आत काहीतरी तुटलं असणार. माझ्या हाताने गेला."

मी म्हणाले, "असेल." तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

संध्याकाळी भाऊजी उद्यासाठी धीर द्यायला आले. जिन्यातच मी त्यांना मासा गेल्याचं सांगितलं, हे आपल्या हाताला दोष देतायत तेही, आणि मिठाचं पाणी उपसून त्यांनी आणलेलं पाणी घातल्याचंही. ते जागच्या जागी थांबले. "वहिनी, ते पाणी माशाला घातलंत? त्यात काही म्हणजे काही नसतं हो, मिठाचा कणसुद्धा नाही. मिठाच्या पाण्यातला आजारी मासा त्यात कसा जगेल? हाताचा दोष नाही म्हणून तुमच्या नवऱ्याला आत्ता सांगून टाका, उद्या त्याची परीक्षा आहे."

"सांगते," मी म्हणाले. "तुम्ही नका बोलू."

आत आले. हे पलंगावर बसले होते, डावा हात मांडीवर उघडा ठेवून. एक वाक्य बोलायचं होतं. नळावर चाळीस बायकांना पुरून उरणारी मी, ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. भीती नव्हती. लाज वाटली. एवढं कौतुक करून आणलेलं पाणी, आणि त्यासाठी मारलेली थाप. वाटलं, सकाळी सांगू. आणि मी परातीत पीठ घेतलं.

सकाळी भोंगा झाला, हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी सांगितलं नाही. दहाच्या आत परत आले. स्टुलावर बसले, रिकाम्या पेटीकडे तोंड करून.

"नाही जमलं," म्हणाले. "गेज पडलं. दोनदा."

नंतर हे चाकणच्या बाजूला एका शेडवर वॉचमन म्हणून लागले. शिट्टी आणि काठी. पेटीत मी कांदे ठेवायला लागले. मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी तिला ह्यांच्या मांडीवर द्यायला गेले, तर ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको," म्हणाले. "माझ्याकडे नको देऊस. पडेल."

मी मुलीला परत घेतलं. तेव्हाही सांगितलं नाही. ती स्वतःच्या पायांनी चालत ह्यांच्यापाशी जाईपर्यंत ह्यांनी तिला एकदाही उचललं नाही.