मामाने सांगितलेला पिक्चर

मामाने आम्हाला आयुष्यभर फसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगून टाकतो.

उरणजवळ माझं आजोळ. मासेमारी बंद असली की सगळे जाळी दुरुस्त करत बसायचे. तेव्हाची पद्धत अशी, की ज्याची पाळी त्याने पनवेलला जाऊन पिक्चर बघायचा आणि येऊन बाकीच्यांना सांगायचा.

तरुण मामाच्या पाळीला नेमका इंग्लिश पिक्चर लागलेला. बंडखोर मोटारसायकल गँगचा.

त्याने सांगितलेली ती स्टोरी पुढे आम्ही भाचरंही ऐकत मोठी झालो. चाळीस बुलेट, जळता पूल आणि जखमी दोस्तासाठी एकटाच मागे फिरणारा हिरो. त्या नादात मीसुद्धा बुलेट घेतली.

दोन वर्षांपूर्वी तो पिक्चर मला ऑनलाइन सापडला. क्लासिक म्हणे! मामाच्या बर्थडेला मामा-मामीला माझ्या पनवेलच्या घरी बोलावलं आणि सरप्राइज म्हणून टीव्हीवर लावला.

काय सांगू. इतका रटाळ पिक्चर जन्मात पाहिला नाही.

गँग एका गावात येते. हॉटेलात बसते. बियर पिते. केस विंचरते. परत बियर.

पूल नाही, आग नाही. हिरो शेवटी गुपचूप निघून जातो.

मामाची मान खाली. शेजारी मामी. ती लग्नाआधी शेजारच्याच घरातली, जाळी विणता विणता तिनेही ती स्टोरी ऐकलेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीतल्या माणसाला मी त्याच्या बायकोसमोर खोटं पाडलं होतं.

मामा हळूच म्हणाला, "इंग्लिश कुनाला कलत व्हता? पन समदी वाट बगत बसलेली. तसाच परत कसा जाऊ?"

मामीने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"मना तवाच म्हाईत व्हता. माझा भाऊ आदल्या दिवशी चोरून बगून आलेला. डब्बा हाय बोलला."

मामा बघतच राहिला. इतकी वर्षं संसार केला, पण हे ती कधी बोलली नव्हती.

"मंग काय बोलली नाय?"

"काय बोलायचा? तुमचा ऐकला न तवाच ठरवला, लगीन करीन तं तुमच्याशीच."

मामा आधी लाजला, मग डोळे पुसत हसायला लागला. जेवायला बसेपर्यंत दोघं हसतच होती. मी इतकं सुखी घर फार कमी वेळा पाहिलंय.

मामा, आज सगळे मामीकडे जेवायला आलोय. ती बरी आहे. काळजी करू नकोस.

तुला मनापासून नमस्कार.