अर्धं शौचालय

एका बाईंना मी एकदा "बरोबर आहे" म्हणालो. ते बरोबर नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. एवढंच सांगायचं आहे, पण इतकी वर्षं घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत एका कचेरीत कारकून होतो. शहरातल्या शाळांच्या पुढच्या वर्षाच्या मागण्या आमच्याकडे यायच्या: बाकं, फळे, पाण्याच्या टाक्या. मी तक्ता करायचो. डाव्या रकान्यात मागणी, उजव्या रकान्यात मंजुरी. वरचे साहेब पेन्सिल फिरवत म्हणायचे, "बधुं अडधुं करी नाखो," की मी सगळ्याचं निम्मं करायचो. हे साऱ्या शहराला ठाऊक होतं. साडीबाजारात जसा भाव दुप्पट सांगतात तशी शाळाही दुप्पट मागायची, निम्म्यावर सौदा ठरायचा, कुणाची तक्रार नसे.

ठाऊक नव्हतं ते फक्त त्या बाईंना. धुळ्याकडून बदलून आलेल्या, कतारगामकडच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. लूमवर काम करणाऱ्या खानदेशी माणसांच्या मुली तिथे शिकायच्या. सातवीत अकरा मुली होत्या आणि शाळेत आडोसा नव्हता. आया म्हणायच्या, पोर मोठी झाली, आता नाही पाठवत. बाईंनी अर्ज हाताने आणून दिला. सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती: मुलींसाठी शौचालय, नग एक.

"एवढं पुरे ना भाऊ? काही चुकलंय का?"

समोरच्या टेबलावरून साहेब हसत म्हणाले, "जो, तारी बेन आवी!" कचेरीत मराठी मी एकटा. आपल्या माणसांचं काम काढून देतो हा टोमणा मी आधीही खाल्ला होता, तो मला फार लागायचा. दोन लिहा, एवढं पुटपुटायचं होतं. मी शिक्का मारला आणि म्हणालो, "बरोबर आहे."

साहेबांची पेन्सिल फिरली, तक्त्यात मी त्याचंही निम्मं केलं, आणि मंजुरी आली: नग ०.५.

मला वाटलं, कुणीतरी हसेल आणि दुरुस्त करेल. कुणी हसलं नाही. बांधकामवाल्यांनी लेखी विचारलं, शौचालयाचा नेमका कोणता अर्धा भाग बांधायचा? उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, "उपलब्ध तरतुदीच्या मर्यादेत उचित भाग बांधावा." आजही मला ते वाक्य पाठ आहे. त्यांनी उचित भाग बांधला. भांडं बसवलं, तीन बाजूंनी छातीपर्यंत भिंत घातली. छप्पर नाही, दार नाही.

बाईंनी डाग पडलेली एक मिलची साडी दोरीवर टाकून पडदा केला. महिन्याभरात तपासणीवाल्यांचा शेरा आला: मंजुरीपेक्षा जास्त काम झालेलं दिसतं, खुलासा मागवावा. जास्त काम म्हणजे तो पडदा. खुलासा मागवणारं पत्रही मीच लिहिलं. बाईंनी पडदा काढला आणि तसं कळवलं, पोच मी फाइलला लावली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या पटावर पाच मुली उरल्या होत्या.

पुढच्या वर्षी कुणीतरी बाईंना शहाणं केलं. त्यांनी चार मागितली. शहरात प्लेगची धास्ती बसली होती, वरून हुकूम होता की स्वच्छतेच्या कुठल्याही मागणीला कात्री लावायची नाही. चारच्या चार मंजूर झाली. दोन खोल्यांच्या शाळेपुढे पांढऱ्या फरशीची चार शौचालयं ओळीत उभी राहिली, छपरासकट, कडीकोयंड्यासकट. मुलांना खेळायला जागाच उरली नाही. कवायत आता जागच्या जागी करतात, असं बाई म्हणाल्या.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही घ्यायला मीच गेलो. बाईंनी सही केली नाही.

"आधी माझ्याबरोबर चला. सरकारी माणसाचं ऐकतील."

शाळेमागच्या गल्लीत एका दाराशी मायलेकी साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या. पोरगी गेल्या वर्षी सातवी सोडलेली. आता तिचा त्यात हात बसला होता, कात्री दिसत नव्हती इतकी भरभर चालत होती.

"सरलाताई, पोरीला पाठव आता," बाई म्हणाल्या. "चार बांधलीत. पक्की. दाराची."

"चार?" आईने तोंडाला पदर लावला. "अवं ताई, पोर त मनी एकच से!"

पोरगी हसली. बाईही हसल्या, मग मीही. मग त्या आईने हसू आवरून सरळ माझ्याकडे बघितलं.

"साहेब, मंग तवय एक काबर नही दिधं?"

बाईही माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा एक का दिलं नाही, याचं त्यांनाही खरंच उत्तर हवं होतं. कदाचित त्यांना वर्षभर वाटत असावं की चूक अर्जातच होती, आपल्या अक्षरात, आपल्या वाक्यात. त्यांचं ओझं उतरवायला मला एक वाक्य पुरलं असतं.

"तेव्हा तरतूद नव्हती," मी म्हणालो.

आईने मान डोलावली. तरतूद नाही म्हणजे काय ते तिला धागे कापायचं काम देणाऱ्या मुकादमाकडून पुष्कळदा ऐकून माहीत असणार. पोरगी नाही आली. पुढच्या वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं, ते बाईंनी परत येताना सांगितलं. शाळेत आल्यावर त्यांनी कागदावर सही केली, मला चहा विचारला, आणि मी तो प्यायलो.